दोन-चार मापाचा हात

आयशाबी तोंडाची फाटकी होती, हे पांढरकवड्यापासून मुकुटबनपर्यंत कुणालाही विचारा. ती कुणाच्या बापाची भीडभाड ठेवायची नाही. पण तिचा हात असा मऊ, की दुसरीकडे बांगड्या भरताना ओय-ओय करणारी बाई तिच्यासमोर गप्पा मारत बसायची आणि डझनभर बांगड्या कधी चढल्या ते तिला कळायचंही नाही. तीस वर्षं आयशाबीनं डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन गावं आणि तांडे पालथे घातले. नवरा निजामुद्दीन हा बसस्टँडजवळ पंक्चर काढायचा आणि उरलेल्या वेळात बिड्या ओढायचा. घर चालायचं ते बांगड्यांवरच.

बायांची नावं तिच्या ध्यानात राहायची नाहीत, पण मापं राहायची. ही दोन-सहावाली, ती दोन-आठवाली. दोन-चारचा हात म्हणजे पोरसवदा, बारीक हाडाचा. लांबून येणारी बाई पाहून ती पेटीतला नेमका कप्पा उघडायची. "अंगठ्याच्या बुडापाशी बाईचं सारं कळते," असं ती म्हणायची. सासरी उपाशी राहते का, मार खाते का, दिवस राहिलेत का, सगळं तिथं कळतं म्हणायची. आता यातलं खरं किती आणि आयशाबीची फुशारकी किती, ते सोडा.

मुकुटबनच्या पलीकडे, रस्ता सोडून तासभर चाललं की रूपसिंग नायकाचा तांडा लागायचा. आजूबाजूच्या तांड्यांतल्या नव्या सुना तोवर सहावारी साड्या नेसून मोकळ्या झाल्या होत्या. पण रूपसिंगच्या तांड्यात जुनी रीत पक्की. लग्न झालं की सुनेच्या दोन्ही दंडांवर, कोपरापासून खांद्यापर्यंत, पांढऱ्या बांगड्यांचा चुडा चढायचा. पूर्वी तो हस्तिदंती असायचा म्हणे, आता प्लास्टिकचा. एकदा चढला की उतरायचा तो नवऱ्याच्या मयतीलाच. मधल्या वर्षांत बाई जाड होवो की बारीक, चुडा तिथंच. आणि तो चढवणारी आयशाबीच.

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. गावागावातून जीपा फिरायच्या. कुणी पाहणीला यायचं, कुणी फोटोला. औषध पिऊन मेलेल्या माणसाचं नाव, वय, सातबारा, सगळं लिहून घ्यायचे. जिवंत बाई समोर उभी असायची, तिला मात्र कुणी "तू कशी आहेस?" म्हणून विचारायचं नाही. आयशाबीला ह्या जीपांचा वीट आला होता. रूपसिंगच्या तांड्यात दोन वर्षांत तीन चुडे उतरले होते. त्या दिवशी तिला बोलावणं यायचं आणि ती जायची नाही. "मी भरनारी बाई हाये," ती सांगायची, "उतरवायले मले बलावू नोका."

दिवाळीच्या तोंडावर ती तांड्यात पोचली, तेव्हा रूपसिंगची सून राखी ओसरीवर बसली होती. बादलची बायको, वीस वर्षांची, आठवा महिना. सकाळपासून कापूस वेचून आली होती. आयशाबीनं सवयीनं दोन-चारचा कप्पा उघडला आणि पोरीचा हात हातात घेतला. बांगडी बोटांच्या गाठींपाशीच अडली. दोन-सहाची घेतली, तीही अडली. दोन-आठची घेतली, साबण लावला, तरी जाईना.

"वा वा! सून चांगलीच भरली हो नायकाची!" शेजारची म्हातारी म्हणाली.

आयशाबीनं हातातली बांगडी खाली ठेवली. दोन वर्षांपूर्वी ह्याच तांड्यात, चार घरं पलीकडे, केसली नावाच्या पोरीचा हात असाच दोन-चारवरून दोन-आठवर गेला होता आणि तेव्हा "भरली हो पोरगी" असं म्हणणारी ती स्वतः होती. हसत म्हणाली होती. मोठ्या मापाच्या बांगड्या भरून, पैसे घेऊन, चहा पिऊन निघून गेली होती. पंधरा दिवसांनी केसलीला वावरात झटके आले. तांड्यानं ओळखलं की अंगात आलं, बकरा कापला. संध्याकाळपर्यंत पोरगी गेली, पोटातल्यासकट. पुढे पांढरकवड्याच्या दवाखान्यातल्या एका आयाबाईनं आयशाबीला सांगितलं, की असे झटके रक्तदाबाचे असतात आणि त्याआधी हात-पाय-तोंड सुजतं. तेव्हापासून आपल्याच हाताकडे पाहून थुंकावं असं तिला वाटायचं.

"डोकं दुखते काय व पोरी?" तिनं राखीला विचारलं.

"दुखते ना, खाला. तीन दिवस झाले. डोळ्यासमोर काजवे चमकते."

आयशाबीनं तिच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला.

"सुखीबाई!" ती ओरडली. राखीची सासू आतून आली. "हिचं बीपी पाह्यलं काय नर्सबाईनं?"

"पाह्यते ना! दर महिन्याले पाह्यते. कार्डावर लिहून देते," सुखीबाई म्हणाली आणि ट्रंकेतून कार्ड घेऊन आली.

आयशाबीला अक्षरं वाचता येत नव्हती, पण आकडे येत होते. धंदाच आकड्यांचा. कार्डावर पाच महिने, पाच ओळी, आणि पाचही ओळींत एकच : एकशे दहा, सत्तर. तिनं कार्ड बाजूला ठेवलं आणि राखीचा दंड पाहिला. कोपरापासून खांद्यापर्यंत चुडा, बोट घालायला जागा नाही. दोन बांगड्यांच्या मधून मांस बाहेर फुगलेलं, खाली कातडी ओली होऊन उतलेली.

"पट्टा कुठं बांधते मंग नर्सबाई?"

"पट्टा नाही बांधत," राखी म्हणाली. "तो डब्यातच राह्यते. थे आमच्याकडे पाह्यते अन् लिहिते."

आयशाबी उठली आणि चार घरांतली कार्डं मागून आणली. गरोदर बाया चार, कार्डं चार. सगळ्यांचं एकशे दहा, सत्तर. पहिलटकरीण असो की पाचव्या खेपेची, सगळ्यांची रक्तं कशी एका मापाची! बांगडीवालीसुद्धा चार बायांना एक माप लावत नाही. आयशाबीला शिसारी आली.

योगायोगानं तो नर्सबाईच्या फेरीचा दिवस होता. ती अंगणवाडीत खुर्चीवर बसून बिस्किटं चहात बुडवत होती. पुढ्यात रजिस्टर. आयशाबी राखीला हाताला धरून घेऊन आली, मागून सुखीबाई.

"बाई, हिचं बीपी पाहा. आत्ताच्या आत्ता."

"पाहिलं आहे. नॉर्मल आहे."

"कुठं पाह्यलं? हातावर की तोंडावर?"

नर्सबाईनं बिस्किट खाली ठेवलं. "हे बघा, तुम्ही बांगड्या भरा. माझं काम मला शिकवू नका. नऊ गावं आहेत माझ्याकडे. यांच्या दंडावर जागा कुठे आहे पट्टा बांधायला? चुडा उतरवा म्हटलं तर मारायला धावतात. मग मी काय करणार? रकाना रिकामा ठेवला तर वरून बोलणी मलाच बसतात."

"म्हून मनानं लिहिते?"

"सगळेच लिहितात," नर्सबाई म्हणाली, आणि हे म्हणताना तिला जराही लाज वाटली नाही.

नऊ गावं एका बाईच्या अंगावर टाकणाऱ्यांच्या नावानं बोटं मोडावीत, हे आयशाबीला मान्य होतं. पण खोटा आकडा लिहायला ह्या बाईचा हात थरथरत नाही, ह्याची तिला घाण वाटली. ती नर्सबाईशी पुढे बोललीच नाही. राखीकडे वळली. "पोरी, एका दंडाचा चुडा कापते मी. चालन?"

झालं! सुखीबाईनं तोंडावर हात मारून घेतला. बातमी वाऱ्यासारखी पसरली आणि रूपसिंग नायक काठी टेकत आला. मागून बादल, मान खाली घालून.

"आयशाबी," रूपसिंग म्हणाला, "माहा पोरगा जित्ता हाये. त्याच्या देखत त्याच्या बायकोचा चुडा कापतेस? या तांड्यात तीन माणसं गेली, तुले माहीत नाही काय?"

"माहीत हाये नायक. तुम्ही बायायचा चुडा सांभाळून त्यातला एक तरी माणूस वाचला काय?"

आयशाबी बादलकडे वळली. "तू बोल रे. हिचा चुडा उतरला तर तू मरशीन, याची भीती वाटते तुले. नाही उतरला तर थे मरन, त्याचं काहीच नाही?"

बादलनं बापाकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं. क्विंटलभराचं गाठोडं उचलणारा गडी, आणि तोंडातून शब्द निघेना. असल्या मुक्या पुरुषांचा आयशाबीला बोलक्या पुरुषांपेक्षा जास्त संताप यायचा.

बोलली ती राखी. डोळे मिटूनच बोलली, कारण उजेड तिला सहन होत नव्हता. "खाला, कापा. मले डोळ्यानं नीट दिसून नाही राह्यलं."

अडकलेल्या बांगड्या काढायला आयशाबीच्या पेटीत करवतीचं एक लहान पातं असायचं. तिनं कातडी चिरू नये म्हणून चुड्याखाली पत्र्याची पट्टी सारली आणि कापायला सुरुवात केली. एकेक बांगडी कट्‌ करून उघडायची आणि बायांमधून हुंदका यायचा, जसं काही मयतच झालं. नऊ बांगड्या. शेवटच्या दोन मांसात इतक्या रुतलेल्या की दोन ठिकाणी रक्त आलं. हात आयशाबीचाच, तीन वर्षांपूर्वी ह्याच हातानं ह्याच बांगड्या गाणं म्हणत चढवल्या होत्या. पण हात थांबला नाही.

"घ्या," ती नर्सबाईला म्हणाली. "झाली जागा."

नर्सबाईनं डबा उघडला. पट्ट्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. तिनं बांधला, फुगवला, सोडला. पुन्हा फुगवला. मग तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"एकशे ऐंशी, एकशे वीस," ती पुटपुटली. "हिला यवतमाळला न्या. लगेच."

न्या म्हणे! कशावर न्या? बैलगाडीवर? तांड्याच्या तोंडाशी पाहणीवाल्यांची जीप उभी होती. तीन साहेब मयताच्या घरी कागद भरत होते. आयशाबी तिथं गेली. साहेब म्हणाले, "बाई, आमचं काम वेगळं आहे. आमच्या गाडीत पेशंट बसवता येत नाही."

"मेल्यावर येसान अन् नाव लिहून घेसान, थेच काम ना तुमचं? जित्ती घेऊन जा, लिहायची मेहनत वाचन!" असं म्हणून ती बया जीपच्या चाकापुढे मांडी घालून बसली. पेटी मांडीवर. साहेबांनी दटावलं, विनवलं, घड्याळ पाहिलं. शेवटी नाक मुरडत मागचं फाळकं उघडलं. फाइली मांडीवर घेऊन बसले, कारण फाइलींना डाग लागायला नको होता.

वाटेत, वणीच्या अलीकडे, राखीला पहिला झटका आला. आयशाबीनं तिला कुशीवर वळवलं, दातात पदराचा बोळा घातला आणि ड्रायव्हरला अशी शिवी हासडली की त्यानं जीप थेट यवतमाळच्या मोठ्या दवाखान्याच्या दारातच थांबवली. त्याच रात्री पोट कापून मुलगी झाली. पावणेदोन किलोची, काचेच्या पेटीत ठेवलेली. राखी दोन दिवस शुद्धीवर नव्हती. मग शुद्धीवर आली आणि पाणी मागितलं. आयशाबी तेव्हा रडली, भिंतीकडे तोंड करून, कुणाला दिसू नये म्हणून.

एका तरुण डॉक्टरीणबाईनं राखीच्या दंडावरचे चरे पाहून विचारलं, "हे कशानं झालं?"

आयशाबीनं सगळं सांगितलं. सांगताना तिच्या आवाजात थोडी ऐट होती. का नसावी?

डॉक्टरीणबाई ऐकून म्हणाल्या, "पण कापायची काय गरज होती? पट्टा पायाला बांधायचा. घोट्याच्या वर. पायाची नाडी धरून वरचा आकडा कळतो. खालचा नाही कळत, थोडा फरकही पडतो. पण बाई धोक्यात आहे की नाही ते समजतं."

"नर्सबाईले हे माहीत असन?"

"असायला हवं. शिकवतात की."

आयशाबी बाहेर व्हरांड्यात येऊन बसली. शेजारी कुणीतरी उलटी केली होती, त्यावर माश्या घोंगावत होत्या, पण तिला तो वासही येईना. पायाला बांधायचा. म्हणजे चुडा, नायक, मारायला धावणारे लोक, हे सगळं आडून बोलायचं निमित्त. केसलीला दोन पाय होते की नाही? चांगले धडधाकट, वावरात आठ तास उभे राहणारे दोन पाय होते. आयशाबीनं तिथंच पचकन थुंकलं. वॉर्डबॉय ओरडला, तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

रूपसिंगनं निरोप धाडला होता : तांड्यात पाय टाकायचा नाही. त्या तांड्यासोबत आणखी चार तांडे तुटले, धंदा निम्म्यावर आला. नर्सबाईची मात्र चांदी झाली. वेळेवर धोका ओळखला म्हणून तालुक्याच्या मीटिंगमध्ये तिच्यासाठी टाळ्या वाजल्या. ही बातमी कानावर आली तेव्हा आयशाबी जेवत होती. तिनं ताट सारलं.

पुढच्या महिन्यात नर्सबाईच्या फेरीच्या दिवशी आयशाबी तांड्यात गेली. पेटी घरी ठेवून, मोकळ्या हातानं. अंगणवाडीत सुखीबाई नातीला डोस पाजायला घेऊन आली होती. पोर आता जरा बाळसं धरू लागली होती. आयशाबीला पाहून सुखीबाईनं मान फिरवली, पण उठून गेली नाही.

"बाई," आयशाबी नर्सबाईला म्हणाली, "आज पायाले बांधा पट्टा. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईनं सांगतलं मले. तुमालेबी शिकोलं हाये म्हने."

नर्सबाईनं समोर बसलेल्या बायांकडे पाहिलं. वावरातून आलेल्या बाया. काळ्या मातीनं भरलेले, भेगाळलेले पाय, पायांत जाड कडी. तिनं नाकाला रुमाल लावला.

"यांच्या पायांना हात लावू मी?" ती म्हणाली.

बरोबर. एवढंच होतं तर. दोन वर्षांचं कोडं एका वाक्यात सुटलं. बायांना ते वाक्य कळलं आणि एकेकीनं पाय घागऱ्याखाली ओढून घेतले. लाज वाटायला हवी होती एकीला, आणि वाटत होती दुसऱ्यांना.

आयशाबी एकदम पुढे झाली. खाली बसली, शेजारच्या गरोदर पोरीचा पाय ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि पदरानं पुसला. "मी धरते पाय. तू नुसती फुगव. तुह्या हाताले नाही लागत माती," ती म्हणाली. अहोजाहो संपलं होतं.

नर्सबाई नाइलाजानं खाली उतरली. एकीचं पाहिलं, दुसरीचं पाहिलं, तिसरीचं पाहिलं. प्रत्येकीचा आकडा निराळा होता. मग सुखीबाईनं नातीला शेजारणीच्या मांडीवर दिलं आणि आपला पाय पुढे केला.

"हिचं कशाला?" नर्सबाई म्हणाली. "ही काही गरोदर नाही. हिचं कार्डच नाही माझ्याकडे."

"पोटात लेकरू नसलं तर बाई नाही काय थे?" आयशाबी म्हणाली. "बांध."

नर्सबाईनं बांधला. फुगवला. घोट्यापाशी बोट ठेवून हवा सोडली, भुवया आक्रसल्या, पुन्हा फुगवला. सगळ्या बाया तिच्या तोंडाकडे पाहत होत्या.

"किती आला?" सुखीबाईनं विचारलं.

"जास्त आहे."

"राखीचा व्हता, त्याच्यापेक्षा?"

"हो. पायाला थोडा जास्तच येतो... पण हा खूपच आहे."

सुखीबाई पन्नाशीला टेकलेली बाई. सहा बाळंतपणं, तीन लेकरं जगलेली, तीस वर्षं कापूस वेचलेली. तिनं घागरा खाली ओढला आणि नर्सबाईला अगदी साधेपणानं, भांडणाचा सूरही न लावता, विचारलं, "कवापासून हाये हे?"

नर्सबाई रजिस्टरची पानं चाळू लागली.

"त्याच्यात कायले पाह्यते?" आयशाबी म्हणाली. "तिथं तिचं नावबी नाही."